‘आई कॉपी’ नावाचं फोल्डर

आई, तुझ्या आवाजाची शेवटची फाइल माझ्या हातून पुसली गेली. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी हे तुलाच सांगावंसं वाटतंय. या चुकीसाठी मला मनापासून ओरडलं असतं असं दुसरं कोणी नाही.

विक्रोळीच्या चाळीतून आपण मुलुंडला आलो तो दिवस डोळ्यांसमोरून हलत नाही. कंपनीत तू पॅकिंगला होतीस. नट, बोल्ट, वॉशर असा एकेक सेट पिशवीत भरून सुतळीने बांधायचीस. घर हलवतानाही तेच. तू स्वयंपाकघरात फतकल मारून बसली आहेस, डब्याला त्याचं झाकण बांधतेयस, पोळपाटाला लाटणं, आणि खाली टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारतोय. मी हसतेय. खलबत्ता माझ्याकडे दिला होतास. मी खल एका गोणीत टाकला आणि बत्ता दुसरीत. मुलुंडला खल पोचला, बत्ता नाही. "एकाची दोन करून ठेवलंस गे," तू म्हणालीस, "आता बस शोधीत." नवा बत्ता तू कधीच आणला नाहीस. वेलचीसुद्धा वाटीच्या बुडाने कुटायचीस, तीही मला दिसेल अशी.

अंधेरीच्या ऑफिसात नवीन लागलेल्यांना मी आता तेच शिकवते, फक्त सुतळीशिवाय. कॉम्प्युटरला टाइप करून हुकूम द्यायचा तर फोल्डरचा पत्ता लिहावा लागतो. त्यात मोकळी जागा आली की त्याला वाटतं, एक नाव संपलं, दुसरं सुरू झालं. म्हणून पत्त्याच्या दोन्ही टोकांना अवतरणचिन्हं द्यायची, म्हणजे सगळं मिळून तो एकच धरतो. हे मी दहादा सांगते, चिडून सांगते. आणि गेल्या रविवारी दुपारी माझ्याच लॅपटॉपवर जागा उरली नाही म्हणून आवराआवर करायला बसले. ‘आई’ या फोल्डरमध्ये तुझ्या आजारपणात केलेली सगळी रेकॉर्डिंग होती. ‘आई कॉपी’ ही त्याची जुनी नक्कल, शेवटच्या रेकॉर्डिंगच्या आधी काढलेली. मला ती नक्कल पुसायची होती. पुसणाऱ्या स्क्रिप्टला, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या हुकुमाला, मी पत्ता दिला, घाईत, अवतरणचिन्हं न देता. तिने ‘आई’ वेगळं धरलं आणि ‘कॉपी’ वेगळं. ‘आई’ पुसलं आणि ‘कॉपी’ नावाचं काही सापडत नाही, अशी वर तक्रार केली. असं पुसलेलं कचऱ्याच्या डब्यातही जात नाही. तुला रेकॉर्ड केलं तो फोन कधीच मोडीत गेलाय. दुकानात लॅपटॉप नेला तर तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, वाट लागली याची. नाही येणार परत." नक्कल तेवढी उरली. तिच्यात तुझी बांगड्याची कढी आहे, मामाच्या लग्नातलं भांडण आहे, मध्येच आलेला खोकला आहे. शेवटची दुपार नाही.

दादाला तेव्हा मस्कतहून येता आलं नव्हतं. ते शेवटचं रेकॉर्डिंग ऐकायचं त्याला इतकी वर्षं धाडसच झालं नाही. आणि नेमका परवा त्याचा फोन आला. "आता ऐकू शकेन गं. पाठव ना. काय बोलली आई?" मी सांगितलं, फाइल माझ्याकडून गेली. तो म्हणाला, "तुला आठवतंय ना पण? तेवढं तरी सांग." मी म्हटलं, तुझीच आठवण काढत होती रे. तो रडला आणि मी फोन ठेवला.

हे पत्र मी तुझ्या फोटोमागेही ठेवणार नाही, दादा आला की तो फोटो पुसायला काढतो. तू काय बोललीस ते मला माहीत नाही, आई. त्या दुपारी फोन तुझ्या उशीपाशी ठेवून, रेकॉर्डिंग चालू करून, मी ऑफिसच्या लॅपटॉपवरच्या मीटिंगसाठी स्वयंपाकघरात जाऊन बसले होते. अर्धा तास तुझा आवाज येत होता. रेकॉर्ड होतंय ना, नंतर ऐकू, असं म्हणून मी दार लोटून घेतलं. ती फाइल अकरा वर्षांत मी एकदाही उघडली नाही.