भिंतीवरची रिकामी संगीन

काष्टी, ता. श्रीगोंदा
दि. ७ जानेवारी २०२५

चि. जालिंदर यास बनाआक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद व जयभीम.

कागद लिहायचं कारन, तुला फोन लावायचा म्हंजी निम्म्या काष्टीला ऐकवायचं. मी पावन्यांचं सांगत हुते आन तू मला पेन्शनीचं विचारत हुतास. तोफांनी तुझं कान घेतलं, आता माझा घसा घेऊ नको बाबा.

तर नीट वाच. आपल्या आरतीला पारनेरकडचं स्थळ आनलंय. पोरगा कल्याण, सुप्याच्या एमआयडीसीत कामाला. बाप श्रीमंत, नावानं श्रीमंत आन स्वभावानं बी. पन त्या घरात शब्द चालतो आजीचा. रंगुबाई नाव. ती हो म्हनली की सगळं घर हो म्हनतं. येत्या १९ तारखेला, रविवारी, समदी तुमच्याकडं भिंगारला येत्यात. पोरापोरीचं आधीच फोनवर बोलनं झालंय, हे तुला ठावं नसंल. मला आरतीनंच सांगितलं. तिला पोरगा लई आवडलाय.

आता मुद्द्याचं. तुझ्या त्या भिंतीवरच्या तलवारी आन संगिनी रविवारच्या आत खाली काढ. गेल्या साली श्रीगोंद्याचं पावनं आल्तं, ध्यानात हाय ना? पोराची आई नेमकी मोठ्या तलवारीखाली बसली आन चहा पिता पिता सारखी वर बघत हुती. मागनं निरोप आला, पोरगी गुनाची हाय पन घर बघून छातीत धडधडलं. पुन्यांदा तसं झालं तर मी तुझ्या दारात पाय ठेवायची न्हाई. आमच्या उसाला तोड आली, फॅक्टरीची टोळी फडात बसलीय, तवा मला यायला जमत न्हाई. म्हनून हा हुकूम कागदावर.

सीमाला सांग, माझं गुडघं बरं हायेत. माया हाय तशीच ऱ्हाऊ दे, आन हत्यारं पलंगाखाली जाऊ दे.

तुझी,
बनाआक्का


भिंगार, अहिल्यानगर
दि. १२ जानेवारी २०२५

ती. आक्कास जालिंदरचा सप्रेम जयभीम, वि. वि.

हुकूम पोचला. वाचून जेवण गेलं नाही, हे आधी सांगतो. सीमा मात्र दोन घास जास्त जेवली. रिटायर होऊन आल्यापासून ती भिंत रंगवायची म्हणते आणि मी म्हणतो, एवढं सगळं उतरवायचं कोण? आता तिला आयतंच निमित्त मिळालं.

आक्का, तू त्यांना हत्यारं म्हणतेस, मला राग येतो. सगळ्या बोथट आहेत, पोलीस ठाण्यात कळवून ठेवलेल्या आहेत. त्यातली एक संगीन मला एका हॉटेलात नारळ सोलताना सापडली, एक भंगाराच्या ढिगात, आणि घोडदळाची ती लांब, जाळीच्या मुठीची तलवार एका न्हाव्याच्या दुकानात पडदा टांगायला लावली होती. जी कुठं तरी लढून आली तिनं पडदा सांभाळायचा? मी तिला घरी आणली, गंज काढला, मूठ बांधली. एवढंच माझं व्यसन. ना तंबाखू, ना पत्ते.

आणि खालच्या रांगेतली ती रिकामी जागा तुला माहीत आहे. पेन्सिलीनं नुसता आकार काढून ठेवलाय. आपला खापरपणजा पलटणीत होता, त्याची नळीची संगीन आपल्या घरात होती, टोकाला तीनधारी, मध्ये कोपरासारखा बाक आणि वर बंदुकीच्या तोंडावर बसवायची नळी. बहात्तरच्या दुष्काळात आज्जीनं ती मोडीत घातली. तू तर ती हाताळलेली. तुझ्याच सांगण्यावरून मी तो आकार काढला. तीच सापडेल असं मी म्हणत नाही, पण तसली एक तरी त्या जागी लागावी, म्हणून आजवर गावोगावचे बाजार तुडवले.

असो. आरतीला विचारलं. ती म्हणाली, काढू नका दादा, नंतर कळलं तर जास्त वाईट. पण हे बोलताना तिचा चेहरा इतका उतरला होता की मी काय ते समजलो. लेकीपुढं लोखंडाची काय किंमत? आज सगळ्या काढल्या, फौजेतल्या कांबळ्यांत गुंडाळल्या, पलंगाखाली ठेवल्या. आता मी त्यांच्यावरच झोपतो.

तब्येतीला जप. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
जालिंदर


भिंगार
दि. २० जानेवारी २०२५

ती. आक्कास स. जयभीम, वि. वि.

काल जे झालं ते फोनवर सांगायला गेलो असतो तर तू मला वेड्यात काढलं असतंस. म्हणून बैजवार लिहितो.

पाहुणे अकरा वाजता आले. श्रीमंतराव गोड माणूस. कल्याण बुजलेला. रंगुबाई काठी टेकत आल्या, जाड भिंगाचा चष्मा, नेमक्या भिंतीसमोरच्या खुर्चीत बसल्या. आणि बसल्या त्या बसल्याच. पाण्याच्या तांब्याला हात नाही. नुसत्या भिंतीकडं बघतायत. मी पण त्या बाजूला बघितलं, तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं.

आक्का, हत्यारं काढली, पण त्यांच्या खुणा कोण काढणार? इतक्या वर्षांत सगळी भिंत धुरानं, धुळीनं मळकी झाली होती आणि जिथं जे टांगलं होतं तिथं तेवढीच पांढरीशुभ्र. मुठीसकट तलवारी, संगिनी, सगळ्या जशाच्या तशा. काढल्यावर जास्तच दिसायला लागल्या. मी फौजी माणूस, अख्खं कोठार आवरलं आणि एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. सीमालाही नाही. ती पोह्यांच्या गडबडीत.

रंगुबाईंनी शेवटी विचारलं, हितं काय टांगलं हुतं. श्रीमंतराव इकडं तिकडं बघायला लागले. मनात म्हटलं, हे पण गेलं. तेवढ्यात आरती पोह्याचं ताट घेऊन आली आणि उभ्या उभ्या सांगून मोकळी झाली.

"तलवारी आणि संगिनी, आजी. दादांच्या जिवाचा तुकडा. तुम्ही भ्याल म्हणून त्यांनी काढून ठेवल्या, आणि मी काढू दिल्या. चूक दोघांची."

रंगुबाई उठल्या. मला वाटलं, चालल्या. तर त्या काठी टेकत भिंतीपाशी गेल्या, खालच्या रांगेत वाकल्या आणि माझ्या पेन्सिलीच्या आकारावर बोट ठेवून मला विचारतात, हा आमच्या शेळीचा खुंटा तुमच्या भिंतीवर कुनी काढला?

आक्का, मी खालीच बसलो. त्यांच्या सासऱ्यांपासून दारात शेळी ज्या खुंट्याला बांधतात, तो म्हणे हुबेहूब असा. टोक जमिनीत, वर बाक, बाकाला दावं, डोक्यावर नळी. त्यांच्या घरातही कुणीतरी पलटणीत होतंच की. कल्याणनं लगेच मोबाईलवर फोटो दाखवला. फोटो शेळीचा होता, पण पायाशी खुंटा स्पष्ट दिसत होता. तीच जात! मी फोटोतल्या शेळीला नमस्कार करायचा बाकी राहिलो.

मग काय विचारतेस. पलंगाखालची कांबळी बाहेर आली. प्रत्येक हत्यार आपापल्या खुणेवर परत गेलं. श्रीमंतरावांनी घोडदळाची तलवार हातात घेतली ती सोडेनात. फोटो काढले, आरशात बघितलं, चहा निवला तरी तलवार खांद्यालाच. जेवायलाही थांबले. निघताना रंगुबाईंनी आरतीला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, खोटं न बोलनारी पोरगी पायजेल हुती, घावली. पसंती कळवली. सीमा स्वयंपाकघरात रडली, मी मोरीत.

कळावे. तुझी माया आहे म्हणून हे दिवस दिसतात.

तुझा,
जालिंदर


काष्टी
दि. २५ जानेवारी २०२५

चि. जालिंदर यास अ. उ. आ.

तुझा कागद फडात बसून वाचला. टोळीतल्या बायांनाबी वाचून दावला. मोरीतलं रडनं आलं तवा समद्या इतक्या हसल्या की मुकादम वराडला. लेका, माझा जीव भांड्यात पडला. पोरगी खरी बोलली ही आपल्या घरची चाल. तुझी न्हवं, माझी.

आता एक ऐक, आन कान उघडं ठेवून ऐक. तू तिकडं साखरपुड्याच्या बोलनीला जानार हाईस. तुझ्या हाताला खाज सुटंल, मला ठावं हाय. पन लगीन हुयाच्या आधी नवरीचा बाप व्याह्याच्या दारातला शेळीचा खुंटा मागतोय, हे कुनी ऐकलं तर काय म्हनंल? द्यायचं सोडून घ्यायला आलाय म्हनतील. आरतीला जलमभर टोमनं ऐकावं लागंल. त्यांनी होऊन दिला तरच घे. तोंडानं मागू नको, डोळ्यानंबी मागू नको. तुझं डोळं लई बोलत्यात.

खरं सांगू का, मलाबी तो एकदा हातात धरायचा हाय. बारकी असताना आज्जीच्या नकळत त्या नळीतनं मी चंद्र बघायची. मोडीत गेली तवा दोन दीस जेवले न्हाई. हे कुनाला सांगू नको.

घरच्यांना आशीर्वाद. जिव्हाळा ऱ्हाऊ दे.

बनाआक्का


भिंगार
दि. १७ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास स. जयभीम, वि. वि.

पारनेरला जाऊन आलो. लग्न मे महिन्यात, विहारात, साधं. देणंघेणं काही नाही.

आता खरं सांगतो. पिशवीत मी लोहाराकडून घडवून घेतलेला नवा कोरा खुंटा नेला होता. मागायचा नाही असं ठरवलं होतं, पण समजा दिलाच, तर शेळी मोकळी राहायला नको, एवढाच विचार. सीमानं पिशवीत डोकावून कपाळाला हात लावला.

गेल्या गेल्या अंगणात बघितला. आक्का, काय सांगू! दावं घासून घासून बाक आरशासारखा झालाय. नळीच्या कडेला पलटणीचे आकडे अजून वाचता येतात. आपल्याच खापरपणज्याची असेल का? देव जाणे, आणि देव आपण मानत नाही. पण मी तिथं उकिडवा बसलो आणि मला उठवेना.

रंगुबाईंनी ओळखलं. तू म्हणतेस तसं माझे डोळे बोलले असणार. त्या म्हणाल्या, उपटा आन घेऊन जावा, तुमच्या भिंतीवरची जागा रिकामी हाय. कल्याण पहार घेऊन आलासुद्धा. मी दोन्ही हातांनी नळी धरली. हलवली. आणि सोडून दिली.

का ते मलाही नीट सांगता येणार नाही. पडदा टांगणाऱ्या तलवारीची मला दया आली होती. हिची आली नाही. ही कुणाच्या तरी दारात उभी राहून काम करत होती आणि चकाकत होती. आणि मनात आलं, मे महिन्यात आपली आरती या परक्या अंगणात येणार. आपलं कुणीतरी तिथं आधीपासून उभं असलेलं बरं. तसं रंगुबाईंना सांगितलं. त्यांनी पदर डोळ्याला लावला. नवा खुंटा ठोकला आणि दुसरी शेळी त्याला बांधली.

तू लग्नाला ये, मग तिकडं नेतो. नळीतून चंद्र बघायला खाली निजावं लागेल, गुडघे जपून.

तुझा,
जालिंदर


पारनेर
दि. १२ जून २०२५

ती. दादा आणि आई यांस आरतीचा सप्रेम जयभीम, वि. वि.

फोन रोज करते, पण दादांना ऐकू येत नाही आणि आई मधल्या मधे निम्मं खाऊन टाकते. म्हणून आत्याच्या वळणावर जाऊन पत्र लिहिते.

मी मजेत आहे. पहिल्या संध्याकाळी मात्र खूप रडू दाटून आलं होतं. सगळं घर चांगलं, पण एकही वस्तू ओळखीची नाही. डबा कुठला, दिव्याचं बटण कुठं, सगळं विचारायचं. आजी म्हणाल्या, जा, शेळी बांधून ये. अंगणात अंधार पडला होता. वाकले, खुंट्याला हात लागला, आणि दादा, तो बाक मी हातानंच ओळखला. लहानपणी तुमच्या पेन्सिलीच्या रेघेवरून मी रोज बोट फिरवायचे आणि रेघ पुसट झाली की तुम्ही न रागावता पुन्हा गिरवायचा. ती रेघ इथं लोखंडाची होऊन उभी होती. तिथंच बसले आणि रडायच्या ऐवजी हसले. तुम्ही ती इथं ठेवलीत, फार बरं केलंत.

आत्या येऊन गेल्याचं कळलं असेलच. त्या अंगणात खरंच आडव्या झाल्या आणि शेळीनं त्यांचा पदर खाल्ला.

आईला सांगा, भिंत खुशाल रंगवा, पण ती रेघ सोडून.

आणखी एक. इथं ओसरीवर नवा चुना दिलाय. काल सकाळी उठले तर त्यावर कुणीतरी पेन्सिलीनं मोठा आकार काढून ठेवलेला. लांब, किंचित वाकलेला, मुठीला पिंजऱ्यासारखी जाळी. कुणी काही बोलत नाही. सासरे पेपरमागं तोंड लपवून बसतात आणि मी चहा घेऊन गेले की त्या भिंतीकडं बघून खोकतात. मला वाटतं ते घोडदळातले आहेत.

दादा, माझ्यावरची माया आहे तेवढीच पुरे, जास्त झाली तर इथं जागा नाही. फक्त पुढच्या रविवारी येताना लांब पिशवी आणा.

तुमची,
आरती