वस्तादाच्या हातचा खुराक

येळ्ळूर,
मंगळवार, २२ जुलै १९८६

प्रिय परशराम, तुला देवाप्पाचा पोटभर आशीर्वाद.

हे पत्र हातात पडेल तेव्हा तू शिबिरातली सकाळची मेहनत करून खोलीवर आला असशील आणि सवयीनं तुझा हात डब्याकडे जाईल. तर आधी एक काम कर. तुझ्या काकीनं जूनमध्ये धाडलेल्या डिंकाच्या लाडवांतले काही उरले असतील, तर डब्याला झाकण लाव आणि बाजूला ठेव. कुणाला देऊ नकोस, टाकूही नकोस, आणि तू तर एक कणसुद्धा तोंडात घालू नकोस. का, ते सांगतोच. एक डाव सांगायचा तरी आधी मी दहा गोष्टी सांगतो, ही माझी खोड तुला ठाऊक आहे. आज उशीर करून चालणार नाही हे कळतं, पण एकदम लिहायला हात धजत नाही.

तुझी आई बरी आहे. परवा शहापूरला जाऊन आलो. माग चालूच होता. पेपरातलं तुझं नाव कापून तिनं मागाच्या खांबाला डकवलंय. मला बघून उठली, चहा टाकला. म्हणाली, "वस्ताद, परदेशात लई थंडी असतीय म्हणं. कोट शिवायला टाकू का न्हाय?" मी म्हटलं, अजून एशियाडसाठी निवड व्हायची आहे, आक्का. तर हसली. "हुतीय की! तुमच्या हातचं खाऊन वाढलाय त्यो." कप मी भरलेलाच खाली ठेवला. मी तसाच उठलो. तिला वाटलं, म्हातारा तुझ्या आठवणीनं गहिवरला.

आपल्या तालमीतला मष्णू आजारी आहे हे तुला कुणी कळवलं का? पंधरा दिवस झाले, बेळगावात दवाखान्यात आहे. आधी भूक गेली, मग डोळे हळदीसारखे झाले. लिव्हर सुजलंय म्हणतात. डॉक्टर तरुण आहे, बोलायला नीट. त्यानं विचारलं, दारू पितोस का, कसल्या गोळ्या घेतोस का. मष्णू सगळ्याला न्हाय म्हणाला, आणि त्याच्या परीनं ते खरंच होतं. मग त्यानं थंडाईत काय काय असतं ते विचारलं, तेव्हा मष्णूनं तोंड मिटलं. "ते वस्तादास्नी इचारा." तालमीतला खुराक बाहेर सांगायचा नाही, दुसऱ्या तालमीला कळतो, हे मीच तुम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं ना. लिव्हर सुजलेला पोरगा ते पाळत होता. डॉक्टर माझ्याकडे वळला. मी म्हणालो, "बदाम, खसखस, मिरी, बडीशेप." एवढंच सांगितलं.

आता निपाणीचं सांगतो. गेल्या वर्षी तिथल्या मैदानात तू पाठीवर पडलास. पडला तर पडला, मी काय जन्मभर उभाच राहिलो होतो? पण मागनं कुणीतरी ओरडलं, "येळ्ळूरचं पैलवान ताकभातावरचं हाय, त्याला घरला न्या!" आणि सगळं मैदान हसलं. ते मला लागलं. तुला नाही लागलं, तू अंगावरची माती झाडत म्हणालास, "वस्ताद, पुढच्या साली बघू की." मीच तो दगड पोटात घेऊन बसलो. तिथंच सफारी घातलेला एक माणूस माझ्याशेजारी येऊन बसला. मी खेळाडूंचा डॉक्टर आहे म्हणाला. बाहेरच्या देशांतले सगळे मल्ल घेतात म्हणाला. "नुसत्या बदामावर आता कुस्ती राहिली न्हाय, वस्ताद," म्हणाला आणि एक बाटली दाखवली. आत बारक्या गुलाबी गोळ्या.

त्या मी तुझ्या थंडाईत घातल्या, परशराम. तुझ्या आणि मष्णूच्या. कुंडीत बदाम घोटताना तुम्ही जोर काढत असायचा, तेव्हा. वस्तादानं पुढं केलेलं भांडं विचारायचं नाही, एका दमात रिकामं करायचं, हा आपला रिवाज. तू कधी विचारलं नाहीस. तू वैशाखात शिबिराला निघालास तेव्हा मला वाटलं, आता याची ताकद उतरेल. म्हणून लाडू वळायला मीच बसलो, आणि गोळ्या कुटून त्यांत मिसळल्या. तुझी काकी, सुलाबाई, म्हणाली, आज सूर्य कुठनं उगवला? तिला बिचारीला यातलं काही माहीत नाही. तिच्यावर राग धरू नकोस.

मनाशी मी म्हणत होतो की ही ताकदीची गोळी, टॉनिकासारखी. पण टॉनिक असतं तर चोरून का कुटलं असतं? तुझी मान दोन महिन्यांत बैलासारखी भरली, पाठभर पुटकुळ्या उठल्या. तालमीतल्या कल्लाप्पानं सरावात नुसता धक्का मारला म्हणून तू त्याचं नाक फोडलंस. तू, ज्यानं कधी मुंगी चिरडली नाही. सगळे घाबरले, आणि मी मिशीवर हात फिरवत म्हणालो, "रग पायजेच पैलवानाला." दिसत होतं सगळं. मी बघत नव्हतो.

मग शनिवारी तुझं पत्र आलं, त्यात शिबिरात वाटलेला, बंदी असलेल्या औषधांच्या यादीचा छापील कागद. तू गंमत म्हणून धाडलास. लिहिलंस की, एक तारखेला सगळ्यांची लघवी तपासणार आहेत, ज्याच्यात सापडेल त्याची निवड गेली, वर दोन वर्षं घरी. आणि खाली लिहिलंस, "वस्ताद, मला कसली भीती? मी तुमच्या हातचं सोडून कुणाचं काय खाल्लंय?" ती ओळ मी किती वेळा वाचली असेल. मला इंग्रजी येत नाही, पण एस.टी.च्या पाट्या वाचून वाचून अक्षरं ओळखीची झाली आहेत. बाटली घेतली, चष्मा लावला. बाटलीवर बारीक छापलेलं एक नाव होतं, तेरा अक्षरांचं. एकेका अक्षरावर बोट ठेवत यादीत खाली उतरत गेलो. सातव्या ओळीत तेरा अक्षरं तेराच्या तेरा जुळली.

तसाच बाटली घेऊन डॉक्टरकडे गेलो आणि मष्णूसमोरच सगळं सांगितलं. डॉक्टर चिडला नाही, त्यानं फक्त विचारलं, "हे दोन आठवडे आधी का नाही सांगितलंत?" मष्णूनं उशीवरची मान माझ्याकडे वळवली. मला वाटलं शिवी देईल. तर म्हणाला, "परश्याला सांगितलंसा काय?" काल पोस्टातनं फोन लावायला गेलो होतो. दोनदा लागला, दोनदा तुटला. भोवती चार माणसं उभी, आणि ओरडून सांगावं असं का ते आहे?

कल्लाप्पाचं म्हणणं वेगळं. "पत्र कशाला? पाय मुरगाळला म्हणून परत ये म्हणावं. निवड जाईल पर नाव ऱ्हाईल." एक दिवस मलाही ते पटलं होतं. पण मग तुझ्या पोटात काय झालंय ते कोण बघणार? डॉक्टर म्हणतो, कावीळ दिसत नसली तरी रक्त तपासायला हवं. म्हणून तू सोंग घेऊ नकोस. तपासणीची वाट न बघता हे पत्र आणि लाडवांचा डबा तुमच्या शिबिरातल्या डॉक्टरांपुढं ठेव. यंदाची एशियाड जाईल. दोन वर्षंही जातील कदाचित. तुला माहीत नव्हतं म्हणून ते सोडतीलच असं मी सांगू शकत नाही. तू बावीस वर्षांचा आहेस. पैलवानाची दोन वर्षं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको.

हे पत्र बेळगावच्या कॅम्प भागातला, फौजेतला अंबाजी घेऊन येतोय. त्याची रजा संपली, आज तिकडंच निघालाय, शुक्रवारी तुला गाठेल. मीही त्याच्याबरोबर निघू शकलो असतो. पण मष्णूचा रक्ताचा रिपोर्ट आणि डॉक्टरची चिठ्ठी गुरुवारी मिळेल, ती आणि बाटली घेऊन मी रविवारी सकाळी पोचतो. दोन दिवसांत मी येतोच आहे, तर एवढं लिहायचं कारण काय, असं तुला वाटेल. कारण एकच. मी न सांगता शिबिराच्या फाटकात दिसलो असतो तर तू धावत आला असतास, आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्या पाया पडला असतास. ते मला सोसलं नसतं, परशराम. आता तुला सगळं ठाऊक आहे. रविवारी मी फाटकाबाहेर उभा असेन. यायचं तर ये, पण वाकू नकोस. ताठ उभा राहा आणि जे बोलायचं ते बोल. आला नाहीस तरी मी समजेन. तुमच्या डॉक्टरांना मीच घातलं असं लिहून देईन, खाली सही करीन, आणि परतीची गाडी धरीन.

तू ठेवशील तसा, तुझाच
देवाप्पा