नेमणूकपत्र कोणाच्या नावाचं?

२ फेब्रुवारी २०२६, सोमवार

मेलो! आज केतनशेठनी सगळ्यांना लेथ मशीनपाशी गोळा केलं. म्हणाले, "नवा कामगार कायदा आलाय. प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचंय. व्हाउचरवर रोख पगार बंद, सगळ्यांचा पीएफ सुरू. आधार, शाळेचा दाखला, सगळं ऑफिसात समिधा मॅडमकडे द्या."

महिपतने टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं आम्ही हेच तर मागत होतो! मीही वाजवल्या.

३ फेब्रुवारी

वहीत तरी खरं लिहितो. कंपनीत मला राजरत्न म्हणतात. मी राजरत्न नाही, प्रभाकर. राजरत्न माझा मोठा भाऊ. २००३ साली बाबांशी भांडून गेला तो गेलाच. वर्षभर शोधला. मग बाबांनी अंथरूण धरलं. मी सोळाचा, कंपनीला अठराचा हवा होता. आईने पेटीतून दादाचा दाखला काढून दिला. "थोडे दिवस चालव."

थोडे दिवस! बावीस वर्षं झाली. आधार त्याच दाखल्यावर काढलं. रेशनकार्ड, लग्नाची नोंद, पोरीच्या नावापुढे बापाचं नाव – सगळीकडे दादा.

४ फेब्रुवारी

जेवताना महिपत म्हणाला, "खोटे कागद दिले तर डायरेक्ट केस होते म्हणे." माझ्याकडे बघत होता? नाही, भेंडीकडे. तरी डबा अर्ध्यातच बंद केला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

एमआयडीसीला आठवड्याची सुट्टी. खडवलीला शाळेत गेलेलो – माझा, प्रभाकरचा दाखला मिळतो का बघायला. गुरुजींनी जुनं रजिस्टर काढलं. होतं माझं नाव! किती वेळ बघत राहिलो.

"तुम्ही कोण यांचे?"

तोंडातून निघून गेलं – "भाऊ."

"मग त्यांनाच पाठवा. ओळखपत्र घेऊन."

कुठलं ओळखपत्र? प्रभाकरकडे काहीच नाही.

७ फेब्रुवारी

समिधा मॅडमनी परत विचारलं, "राजरत्न, तुमचेच पेपर राहिलेत." दिले. दादाचेच. त्यांनी लगेच कॉम्प्युटरवर भरायला घेतलं. मी परत मशीनवर गेलो.

८ फेब्रुवारी

बायकोला, मेघनाला सगळं ठाऊक आहे, पण मी कागद दिले हे आज सांगितलं. म्हणाली, "शेठना जाऊन खरं सांगा. काढलं तर काढलं."

"आणि जेलमध्ये टाकलं तर?"

"तर मी डबा घेऊन येईन." हसली. मग मोरीत गेली. नळ बराच वेळ चालू होता.

९ फेब्रुवारी

सांगितलं. एका दमात. मला वाटलं केतनशेठ ओरडतील. ते उठले आणि केबिनचं दार लावलं.

"अरे, म्हणजे माझ्या वडलांनी सोळा वर्षांचं पोर मशीनवर उभं केलं? हे बाहेर गेलं तर तुझ्याआधी मी आत जाईन."

त्यांच्या कपाळावर घाम. मालक माणूस घाबरलेला मी कधी बघितला नव्हता. माझी भीती कमी व्हायला हवी होती ना? दुप्पट झाली.

"वकिलाला विचारतो. तोवर घरी बस. कोणाला काही बोलू नकोस."

१० फेब्रुवारी

घरी. फोन वाजला की आधी नंबर बघतो. आई विचारतेय, "कामाला का नाही गेलास?" सांगितलं, मशीन बंद आहे.

११ फेब्रुवारी

फोन नाही. दोनदा दारापर्यंत जाऊन आलो, पोलीस आले की काय म्हणून. शेजारी गॅसवाला आलेला.

१२ फेब्रुवारी

समिधा मॅडमचा फोन आला. शनिवारी भरलेली माझी माहिती पीएफ ऑफिसने अडकवलीय. हेच नाव, हीच जन्मतारीख, बापाचं नावही हेच – असा माणूस आधीपासून नोंदलेला आहे. खोपोलीच्या एका कंपनीत. त्याचा जानेवारीचाही पीएफ भरलाय.

आई आत भाकऱ्या थापतेय. तिला कसं सांगू!