तिळाएवढा नमुना

मंगळवार, संध्याकाळ

आजची फजिती लिहूनच टाकते. कानाच्या डॉक्टर मॅडमना स्टीलचा तिळाएवढा नमुना हवा होता, मधोमध भोक असलेला. आमचं मशीन लेझरनं स्टीलची भुकटी वितळवत थरावर थर चढवतं. एवढीशी वस्तू हलू नये म्हणून खाली आधारही छापावा लागतो, आणि तोही तिळाएवढाच! तो कापून वेगळा केला आणि नमुना चिमट्यात धरून दोन तास घासला.

मॅडम शेंद्र्याला आमच्या कारखान्यात आल्या, भिंगातून पाहिलं. "पूजा, भोक कुठंय?"

मी आधार घासला होता. दोन तास! डोळे कुठं होते माझे? आणि खरा नमुना भंगाराच्या ट्रेमध्ये.

आमचे मदतनीस भानुदासमामा तो शोधायला चुंबक घेऊन धावले.

"मामा, हे स्टील चुंबकाला चिकटत नाय."

"मंग हे कसलं लोखंड, ताई?"

शेवटी मॅडमच ट्रेवर वाकल्या. "पोरांच्या कानातून ज्वारीचे दाणे काढते मी." दोन मिनिटांत नमुना चिमट्यात! भोकही आरपार निघालं.

"पास," त्या म्हणाल्या. "पण खरं सांगू? तो आधार जास्त देखणा झालाय."