उभा संप

तीर्थरूप मामांना,

जावयाचा नमस्कार. साष्टांगच घालायचा, पण आडवं होणं हे माझं पोटापाण्याचं काम, ते घरच्या माणसांपुढे कशाला. म्हणून उभ्यानेच हात जोडतो. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? ही आणि बाळ खुशाल असतील. (मामींच्या निरोपात एवढंच होतं: "मुलगी झाली. चौदा तास लागले. जावई कुठे आहेत?" यातल्या तिसऱ्या वाक्याचं उत्तर म्हणून हे पत्र.)

तुम्ही चाळीस वर्षं गवंडीकाम केलंत. तुमचं काम दिसतं. संध्याकाळी भिंत उभी असते. माझं तसं नाही. लग्न ठरवताना आमच्या दादाने "मुलगा गाद्यांच्या कारखान्यात आहे" इतकंच सांगितलं आणि तुम्ही पुढे विचारलं नाहीत. मग एकदा न कळवता कारखान्यात आलात, आणि मला भर दुपारी डोळे मिटून पडलेला पाहून आल्या पावली परत गेलात. मामींना म्हणालात, पोरगी झोपाळू माणसाला दिली. मामा, मी गादी तपासत होतो. एका गादीवर चाळीस मिनिटं: उताणं, पालथं, दोन्ही कुशी, मग खांदा रुततो का, कंबर तरंगते का, ते उशीला टाचलेल्या चिठ्ठीवर लिहायचं. आणि डोळा लागू द्यायचा नाही. झोपाळू माणूस या खात्यात आठवडाभर टिकत नाही. घरी पलंगावर पडलो की हात आपोआप चिठ्ठी शोधतो. हिने एकदा त्या हातात सामानाची यादी दिली, तर मी तिच्यावर "मधोमध टणक" असा शेरा मारला.

तर संप. कापसाच्या धुळीसाठी तोंडाला बांधायला फडकी आणि चहाची सुट्टी, या दोन मागण्या. आमचे पुढारी (आवाजावरून त्यांना भोंगा म्हणतात) सभेत म्हणाले, उद्या आठच्या ठोक्याला ज्याने त्याने आपापलं काम थांबवायचं. शिवणाऱ्यांनी सुया खाली ठेवल्या. पिंजणारे सावलीला आडवे झाले. मीही त्यांच्या शेजारी आडवा झालो, तोच भोंगा धावत आले. "अहो, तुम्ही काम करताय." खरंच की. मग मी काय करू, विचारलं. त्यांनी समितीला बाजूला घेतलं, कुजबुज झाली, हात वर झाले. "तुम्ही उभे राहा." बसू का, म्हटलं. तर बसणं हे अर्धं काम ठरलं, सात विरुद्ध चार मतांनी.

मालकही वस्ताद. रोज सकाळी कोरी गादी, उशीसकट, हातगाडीवर घालून फाटकाबाहेर माझ्या पुढ्यात आणून लावायचे. तीन दिवस, आठ ते पाच, सत्तावीस तास मी तिच्याकडे पाठ करून उभा (जेवलोही उभ्यानेच). पोटऱ्यांचे दगड झाले. दुसऱ्या दिवशी भोंग्यांनी माझ्याकडे बोट दाखवून भाषण केलं: "हा कष्टकरी बघा. याने दोन दिवस पाठ टेकलेली नाही." शिवणखात्यातल्या बायका डोळे पुसू लागल्या. मला कुणी कष्टकरी म्हणण्याची ही पहिलीच वेळ, मीही रडलो.

तिसऱ्या दिवशी तीनला निरोप आला की हिला कळा सुरू झाल्या. मी निघालोच होतो. पण त्याच घटकेला मालक बोलणी करायला बाहेर आले, आणि मी हललो असतो तर सगळ्यांच्या केल्या कष्टांवर पाणी पडलं असतं. म्हणून मन घट्ट करून थांबलो. तिथे ती सोसत होती, इथे मी. चौदा तास म्हणजे पुष्कळच. सत्तावीस म्हणजे अर्थात सत्तावीस. तुलना करत नाही, नुसते आकडे सांगतो. तुम्ही कष्टाची किंमत जाणता, म्हणून तुम्हांला लिहिलं.

आपला नम्र (आणि अजून जरा वाकडा चालणारा),
जावई

ता. क. : फडकी मिळाली, चहा मिळाला. मला काय हवं ते विचारायचं सगळ्यांच्याच ध्यानातून गेलं, तरी मालकांनी खूश होऊन एक खुर्ची दिली. तिच्यावर बसून मी काय तपासू?

ता. क. २ : मामा, तुमच्याशी खोटं बोलवत नाही. निरोप तीनला नाही, सहाला आला. संप पाचलाच मिटला होता. पायांना जरा विसावा द्यावा म्हणून मी मिनिटभर त्या हातगाडीवरच्या गादीला टेकलो. पहारेकऱ्याने हाका मारल्या, गदागदा हलवलं, शेवटी निरोपाचा कागद उशीला टाचून तो निघून गेला. मी उठलो दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, तेव्हा मला बाप होऊन दोन तास झाले होते. (गादीला "उत्तम" शेरा दिलाय, तो प्रामाणिक आहे.) विनंती एवढीच: हा ता. क. कात्रीने कापून टाका आणि वरचा भाग तेवढा हिला द्या.

ता. क. ३ : पाकीट चिकटवताना आठवलं, तुमचा चष्मा फुटल्यापासून पत्रं हीच तुम्हांला वाचून दाखवते. तर, अगं, चौदा जास्त. सत्तावीसपेक्षा पुष्कळच जास्त. शनिवारी सकाळच्या गाडीने येतोय. काय बोलायचं ते बोल, पण हळू; बाळ झोपलं असेल.