स्ट्रुअनला मत नाही

प्रिय स्ट्रुअन,

"सीमा म्हणजे रस्त्याचं डांबर बदलतं ती जागा," नोकरीसाठी सीमेपलीकडे इंग्लंडात, कार्लाईलला जाताना तू म्हणाला होतास. स्कॉटलंडने ब्रिटनपासून वेगळं व्हावं का, यावर उद्या मतदान आहे. इथे राहतो म्हणून माझ्या इंग्रज नवऱ्याला मत आहे. इथे जन्मूनही तुला नाही. नाइजेल चिडवतो, "मेव्हण्याचा देश आता मी ठरवणार बघ."

मला 'हो' म्हणावंसं वाटतं. पण मग परकं कोण होईल, तू की मी, हे कोडं सुटत नाही. फोनवर विचारलं तर तू हवामानावर बोलशील. हे पत्र वेळेत पोचणार नाही, म्हणूनच धीट झालेय. "वेडी आहेस, मत तुझं आहे," असंच म्हणशील. तरी माझ्या मतपत्रिकेवर फुली कुठे मारू, ते तू सांग.

तुझी धाकटी बहीण,
इशबेल