जैनबला बघायला येतात

४ जून १९३७
टॉनिक कंपनीचं इंग्रजी शब्दांचं पुस्तक पुन्हा काढलं. महिनाअखेर इन्स्पेक्टरसाहेब येणार, आम्हा एजंटांची तोंडी परीक्षा. सॅम्पल म्हणजे वानगी. कस्टमर, गिऱ्हाईक. डिमांड, मागणी. टेस्टिमोनियल म्हणजे गुण आलेल्या माणसाची साक्ष. हा पाठ करायला नको. दिवाळीत बायकोचा खोकला थांबला, तेव्हा मीच हौसेनं इंग्रजीत लिहून पाठवली होती: टॉनिकनं माझी जैनब बरी झाली. तेव्हा खरंच होतं. आता ती चैतापासून अंथरुणात, आणि कंपनीनं साक्ष आत्ता जाहिरातीत छापली. नाव, गाव, सगळं. 'जैनबबी, वलवण.'

९ जून
लोक यायला लागले. गाढवा, स्वतःलाच म्हणतो, एवढंही सुचलं नाही तुला? छापलेल्यावर मावळात कोण विश्वास ठेवतो! बाई खरंच उठून बसली का, ते डोळ्यांनी बघायचं असतं त्यांना. आज सोमाटण्याचे एक आबा आले. म्हटलं, माहेरी गेलीय. तेवढ्यात आतून खोकला. आबा उठले, पाणीसुद्धा घेतलं नाही.

१० जून
तिला सांगून टाकलं सगळं. अंगात ताप, तरी म्हणाली, "एजन्सी गेली तर खायाचं काय? पुन्यांदा कुणी आलं तर मला उठवा." मी नको म्हणालो. एकदाच म्हणालो.

१४ जून
परंदवडीच्या सकूबाई आल्या, तळेगावला गाडी धरून. बरोबर लेक तुळसा, बारा-तेरा वर्षांची. खोकला अगदी जैनबसारखा.
जैनबला उठवलं. हिरवं लुगडं नेसली, गाल चोळून लाल केले, चुलीपुढं बसली. सकूबाई बघतच राहिल्या. "अगं बया, ह्या तर पार बऱ्या झाल्या! तळेगावचा डाक्टर लय मागं लागलाय, पोरीला दवाखान्यात ठिवा म्हनतो. आता कशाला जायाचं तितं?"
मी बोलायला हवं होतं.
जैनब म्हणाली, "व्हय, मला लय गुण आला."
बाटल्या घेऊन गेल्या. त्या वळणाआड होईपर्यंत हिनं खोकला कसा दाबला तिचं तिला ठाऊक. मग सगळा पदर रक्तानं भरला. मी धुतला.

३० जून
परीक्षा झाली. एक शब्द चुकला नाही. साहेब खूश. "तुमच्या मिसेसची साक्ष फार चालते हो! आता एक फोटो पाठवा, छान हसरा." मी यस सर म्हणालो. लिहायला लाज वाटते, पण शाबासकी मिळाली तेव्हा बरं वाटलं होतं मला. हरामखोर आहे मी.

३ जुलै
कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं, साक्ष मागे घ्या. 'मागे घेणे' पुस्तकात कुठंच नाही. मोडकंतोडकं जुळवलं. टपालात टाकलं नाही अजून. जैनब रोज तेच विचारते, "तुळसाला नेलं असंल का हो डाक्टरकडं?" नेलं असेल, म्हणतो. परंदवडीला जाऊन यायला एक दिवस पुरे. गेलो नाही.

७ जुलै
सकूबाई आल्यात. ओट्यावर बसल्यात. तुळसाला चालवत नाही, स्टेशनपासून पाठुंगळी आणलं, दोघी चिंब. डॉक्टरकडं नेलंच नाही. "भाऊ, आनखी बाटल्या द्या. आन भाभींना येकडाव दावा हिला. पोरीला धीर यील."
आत आलो. कुणी न सांगता हिरवं लुगडं खुंटीवरून काढलं आणि जैनबपुढं धरलं. सवय झालीय हाताला.
तिनं ते ढकललं. "मी न्हाई उठनार आज. अशीच बघू दे मला. बोलवा त्यांना आत."
सकूबाई बाहेरून हाका मारतायत. "भाऊ, येऊ का?"
जैनब माझ्याकडे बघतेय. आणि मी हे लिहीत बसलोय.